गेटवर नको, मशीनवर घ्या

मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. धातूचे सुटे भाग कापणारी संगणकावर चालणारी यंत्रं: चार सीएनसी, एक व्हीएमसी. ऑपरेटर मिळत नाही म्हणून रात्रपाळीला दोन मशीनं बंदच असतात. आयटीआय झालेला पोरगा सहा महिने हात बसवतो आणि चार पैसे जास्त मिळाले की चाकणला जातो. त्याचंही चुकत नाही म्हणा.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा, फौजेत नाईक हुद्द्यावर असलेला एक माजी सैनिक ‘वॉचमनची जागा आहे का?’ विचारत आला. सुरुंगात डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. पुण्याच्याच लिंब सेंटरचा, म्हणजे लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्राचा, पाय लावलेला. पाय गेलेल्या माणसाला आपण काम कोणतं देतो, तर बारा तास गेटवर उभं राहायचं! फौजेत हा गाड्या दुरुस्त करायचा. म्हटलं, मशीनवर ये. पहिल्याच आठवड्यात सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वरची वाटी, रुतून कातडी सोलली. मग शेजारच्या फॅब्रिकेटरकडून पाय टेकायला पट्टी असलेलं उंच स्टूल करून घेतलं. खर्च दीड हजार. आज जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, दहा मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शानं जरी चुकला, तरी आधी तोच ओरडतो.

पण त्याला शिकवलं मी, जमेल तसं, आठ महिने. कापायच्या हत्याराची टोकं, म्हणजे इन्सर्ट, किती मोडले ते विचारू नका. एवढं करून त्याच्या हातात सर्टिफिकेट नाही. उद्या माझं शटर खाली आलं तर तो पुन्हा गेटवर.

खडकीची क्वीन मेरी तांत्रिक संस्था १९१७ पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांपासून, अपंग जवानांना हाताचं काम शिकवते. माझ्या शेडपासून ती दापोडीच्या पलीकडे, आणि मला तिचा पत्ता लागला एका गिऱ्हाइकाकडून! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात खासगी मालकांनी पाच टक्के दिव्यांग घ्यावेत म्हणून सवलती देण्याची तरतूद आहे. आमच्या गल्लीत ती कुणालाच माहीत नाही.

आयटीआय आपल्याकडे, माजी सैनिकांच्या नोंदी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे. या दोघांना एकदा समोरासमोर बसवा. शिकवणं आमच्या शेडमध्ये होऊ द्या, परीक्षा आयटीआयने घ्यावी, आणि तेवढे महिने त्याला विद्यावेतन मिळावं.

गेल्या महिन्यात त्याच्याच पलटणीतला आणखी एक जण येऊन गेला. उजवा हात मनगटापासून नाही. त्याला कोणत्या मशीनवर बसवायचं, मला सुचेना. खडकीत हे सांगू शकणारी माणसं असतील. त्यांची नि माझी गाठ घालून द्या. तो सोमवारी पुन्हा येणार आहे.

आपला,
भोसरीतला एक वर्कशॉपवाला