आजींनी काय काय मागून घेतलं

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांना आवडला. छापायला द्यायला हरकत नाही, फक्त 'आयुष्यभर स्वतःसाठी काहीही मागितले नाही' ही ओळ तेवढी काढ. म्हाताऱ्या बाईची कुठलीही पत्रिका उघड, ही ओळ असतेच, आणि खरी की खोटी ते कुणी विचारत नाही. आजींनी मागितलं. भरपूर मागितलं आणि बहुतेक सगळं मिळवलं. मागताना त्या स्वतःचं नाव घेत नसत, विठ्ठलाचं घेत, एवढाच फरक.

फोनवर सांगितलं असतं, पण तू मीटिंगमधून उठून बोलतोस आणि माझं निम्मं राहून जातं. म्हणून लिहितेय.

पत्रिकेत जन्मतारीख आधार कार्डावरची टाकू नकोस. ती १ जानेवारी १९३५ आहे आणि ती शिबिरातल्या पोरानं ठोकून दिलेली आहे. आपल्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मल्यात. आजींचं लग्न गांधीवधानंतरच्या उन्हाळ्यात झालं, म्हणजे १९४८ साली, आणि तेव्हा त्यांना सोळावं होतं. गांधीवधानंतर ब्राह्मणांचे वाडे जाळले, तेव्हा माहेरच्या गावातल्या वाड्याला लागलेली आग त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. 'वाडा जळला त्या साली माझं लगीन' असंच त्या सांगायच्या. तेव्हा 'वयाच्या ९२व्या वर्षी' लिही, चुकणार नाही.

त्या आपल्या घरी आल्या त्या गळ्यात तुळशीची माळ घालूनच. वडील माळकरी, पंढरीचे वारकरी. आपलं घराणं मात्र खाणाऱ्यांचं. जत्रेला बोकड, पाहुणा आला की कोंबडं. माळकरी पोरगी केली कशाला, तर म्हणे मुलगी कामाची आहे, माळ काय, उतरेल चार महिन्यांत. पहिल्याच जत्रेला थोरल्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, मटण आणून चुलीपाशी ठेवलं. आजींनी हात लावला नाही. घरात आरडाओरडा झाला, नवऱ्यानंही समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी खावा, माजं काय म्हननं न्हाई. पन ह्या चुलीवर ते शिजलं तर इठ्ठलाचा निवद म्या कुटं करू?"

आता ह्याला उत्तर काय देणार? सून ऐकत नाही म्हणून तिला बदडता येतं, आणि तेव्हा तसं होतही असे. पण नैवेद्याच्या चुलीचा प्रश्न आला की पणजोबांचीही पंचाईत. शेवटी परसात तीन दगड मांडले आणि बाप्यांनी आपलं आपण शिजवलं. माळकरी बाईच्या घरात मटण बाहेर आणि पुरुषांनी करायचं ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे, तिचं नवल नाही. पण आपल्या घरात ती सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं आणली. पप्पांच्या हातच्या रश्श्याचं तू इतकं कौतुक करतोस, तो त्यांना कुणी शिकवला? त्यांच्या वडिलांनी. आणि वडिलांना शिकावा लागला तो ह्या माळेमुळं.

दुसरी गोष्ट तू लहानपणी रोज बघितलीस, पण तुझ्या लक्षात आली नसेल. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर आजी बसायच्या. बाप्ये, मग पोरं, मग गडी, मग बायका, त्यातही शेवटी त्या. टोपल्यात राहिली ती भाकरी, तव्यात राहिलं ते कोरड्यास. हे मी म्हणते म्हणून नाही, त्या काळी सगळ्याच घरांत असं होतं. पण महिन्यातून दोन दिवस वेगळे होते. एकादशीचा उपास द्वादशीला सकाळीच सोडावा लागतो, बारस सोडायची म्हणतात ती. त्या दिवशी आजी पहाटे अंघोळ करून सगळा स्वयंपाक करायच्या, देवाला नैवेद्य दाखवायच्या आणि घरात सगळ्यांच्या आधी पाटावर बसायच्या. गरम भाकरी, वरण, भाजी, वर तुपाची धार. पणजोबा ओसरीवर बसून वाट बघायचे. बारशीची वेळ टळली तर उपास फुकट, म्हणून कुणी बोलायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं, सासरे नसले तरी मोठे दीर उपाशी आणि आत्याबाई, म्हणजे तुझ्या आजी, जेवतायत. एकदा भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "तूबी एकादस धर. ताजं खायला मिळतंय." असं म्हणून हसल्या. ते हसणं देवभक्तीचं नव्हतं, हे तुला मी शपथेवर सांगते.

वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, संध्याकाळी चावडीवर प्रौढांचे वर्ग भरायचे. बाईमाणसानं चावडीवर जायचं हेच घरात पटणारं नव्हतं. आजींनी सांगितलं, हरिपाठ पाठ आहे पण पोथीतून वाचला तर पुण्य जास्त. हे पुण्याचं गणित कुठल्या शास्त्रातलं ते मला माहीत नाही, बहुतेक त्यांचंच असावं. पोर काखेत घेऊन त्या जायच्या. अक्षर शेवटपर्यंत वाकडं राहिलं, पण वाचता यायला लागलं. पुढं १९८३ला आजोबा गेले तेव्हा ह्याचा उपयोग झाला. वारस म्हणून फक्त मुलांची नावं लावायचं बाहेरच्या बाहेर ठरत होतं. आजींनी तलाठ्याकडून सातबारा मागून घेतला, बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि विचारलं, "ह्यात माजं कुटाय?" लागलं नाव. अजूनही त्या उताऱ्यावर आहे, ते कमी करायचं काम पप्पांनी अजून केलेलं नाही आणि मी त्यांच्या मागं लागणारही नाही.

आजोबांच्या बाराव्यानंतरची गोष्ट तर मला फार आवडते. कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या, ते सगळं झालं. तेराव्या दिवशी सकाळी आजी देवघरातून बाहेर आल्या त्या कपाळाला काळा बुक्का लावून, चांगला ठसठशीत. माझ्या चुलत सासूबाई सांगतात, आलेल्या बायकांत कुजबूज सुरू झाली. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "कुकू न्हाई, इठ्ठलाचा बुक्का हाय. त्यो काय म्येला न्हाई." त्यानंतर चाळीस वर्षं त्यांचं कपाळ एक दिवस मोकळं राहिलं नाही.

आता वारीचं. त्यासाठी मात्र त्यांना लग्नानंतर बरीच वर्षं थांबावं लागलं. आपलं गाव कालव्याच्या वरच्या अंगाला. खाली नीरा उजव्या कालव्याचं पाणी, ऊस, कारखाना; वर आपण, बाजरी-मटकी घेऊन आभाळाकडं बघत. आणि आषाढी येते ती पेरणीच्या तोंडावर. घरातली कामाची बाई पंढरपूरला सोडणं म्हणजे सोपं नव्हतं. धाकटी जाऊ घरात आली आणि दुसऱ्या वर्षी आजींनी विषय काढला. आधी नुसतं लोणंद ते फलटण, मग बरड, मग नातेपुते, असं करत करत त्या एक दिवस पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत गेल्या आणि तिथून माघारी कसं यायचं म्हणून पंढरपूरलाच गेल्या. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरायला पैसे कोंबड्यांच्या अंड्यांचे. गळ्यात माळ आणि दारात खुराडं, यावरून लोक चेष्टा करायचे. त्या म्हणायच्या, मी विकते, खात नाही.

इथं एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. आजी वारीला जायच्या तेव्हा चूल, पोरं, जनावरं, सगळं धाकट्या जावेवर पडायचं. ती बिचारी म्हणायची, "तुमचा द्येव पंढरपुरात, माजा चुलीत." पुढं दोघींनी आपसात मिटवलं: आषाढी आजींची, कार्तिकी जावेची. हे बाप्यांना विचारून ठरलं नव्हतं. तेव्हा पत्रिकेत 'वारीची परंपरा जपली' असं लिहिलं आहेस, तिथं धाकट्या आजींचंही नाव घाल. त्या अजून आहेत, वाचतील.

वारीत आजी कशा असायच्या हे मी एकदाच बघितलं. त्या गोळ्या घरी विसरल्या होत्या, म्हणून मी त्या द्यायला बरडच्या मुक्कामावर गेले. शोधता शोधता एका ट्रकच्या सावलीत सापडल्या. पाय लांब सोडलेले, पदर खांद्यावर, कुणी दुसरीच बाई त्यांच्या पावलांना तेल चोळतेय आणि आजी काहीतरी सांगून अशा खदाखदा हसतायत की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. आवाजही वेगळा, मोठा. मला बघितल्याबरोबर पदर डोक्यावर गेला, पाय आत गेले आणि "घरी म्हशीचं दूध काढलं का कुनी?" असा प्रश्न आला. मला वाईट वाटलं. गोळ्या देऊन लगेच निघायला हवं होतं, पण मी चहा घेत बसले. मी उठेपर्यंत त्या परत हसल्या नाहीत.

बाहत्तरच्या दुष्काळातही त्यांनी देवाशी व्यवहारच केला. तालीवर, पाझर तलावावर त्या कामाला होत्या, खडी फोडायच्या. रेशनला तांबडी मिलो ज्वारी मिळायची, ती त्यांना कधी आवडली नाही. कामावर सुकडी वाटायचे, एकादशीला ती पदरात बांधून घरी पोरांना आणायच्या. पप्पांना तिची चव अजून आठवते. त्र्याहत्तरच्या आषाढीला त्या गेल्या नाहीत. "आदी पाऊस धाड, मग येते" असं सांगितलं म्हणे पांडुरंगाला. आणि त्याच्याही आधी, पप्पांच्या पाठचा भाऊ गोवरानं गेला, तेव्हा त्यांनी हरिपाठ बंद केला होता. एकादशी सोडली नाही, दिवा लावायचा सोडला नाही, पण वर्षभर तोंडातून अभंग नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "बोलायचंच नव्हतं मला त्येच्याशी." यापुढं काही सांगितलं नाही.

तेव्हा नुसती हुशारी होती असं समजू नकोस. हुशारीसाठी कुणी पहाटे चारला गार पाण्यानं अंघोळ करून पाऊण तास टाळ वाजवत नाही, तेही ब्याण्णवाव्या वर्षी, घरातले सगळे झोपलेले असताना. २०२०ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, त्या दिवशी टीव्हीवर ते बघून त्या जेवल्या नाहीत. नाटक करायला समोर कोण होतं? मी आणि मांजर.

पण माझ्या मनात एक गोष्ट जुळत नाही आणि पत्रिकेत ती येणार नाही, म्हणून इथं लिहिते. वारीत त्या ज्याच्या त्याच्या पाया पडायच्या. जात विचारायच्या नाहीत, तो धर्मच आहे तिथला. आणि आपल्या घरी शेतावर कामाला येणाऱ्या एका बाईची कपबशी मागच्या वळचणीला वेगळी खोचलेली असायची. चहा वरून ओतायचा. मी शाळामास्तराची पोरगी, मला ते सहन होत नव्हतं, मी एकदा घरातल्या कपात चहा दिला तर आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून १९४७ला साने गुरुजींनी उपोषण केलं, हे मी त्यांना सांगितलं होतं. ऐकून घेतलं, "देवळात जाऊ दे की" म्हणाल्या. पुढं घर स्लॅबचं झालं, वळचण गेली, तिच्याबरोबर ती कपबशीही गेली. पण त्यांनी ती काढली असं मी म्हणणार नाही.

आमचं दोघींचं पटायला वेळ लागला, हे तुला माहीत आहे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद आणि मी त्याशिवाय आमटी करू शकत नव्हते. कांदेनवमीला त्या वारीत असायच्या, तेव्हा मी घरी दोन पाट्या भजी तळायचे, त्यांचा राग भज्यांवर काढत. चालणं झालं तोवर त्या चालल्या. गुडघे गेल्यावर पालखीच्या दिवशी फलटणच्या रस्त्याला खुर्ची टाकून बसायच्या आणि माझ्याकडून भाकरी-ठेचा करून वाटायच्या. ठेच्यात लसूण घालू द्यायच्या, म्हणजे मी जिंकले म्हणायला हरकत नाही.

तर ती ओळ काढ. तिच्या जागी दुसरी काही सुचली नाही तर जागा मोकळी राहू दे, वर फोटो जरा मोठा करता येईल. फोटो तो शालीतला नको, बुक्का दिसणारा घे. माघातली तिथी पप्पा गुरवांना विचारून कळवतील, त्याप्रमाणे तिकीट काढ. कीर्तन रात्री आहे, जेवण गोडाचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा आणि काका परसात चूल मांडणार आहेत, पाहुणे राहिलेत म्हणून. मी आणि धाकट्या आजी त्या वेळी ओसरीवर बसणार आहोत. कांदे तू चिर.

तुझी,
आई