अण्णा, तुमचे आणि तुमच्या हमाल टोळीचे जाहीर आभार

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना शाल-नारळ मिळाला. तुमचं नाव यादीत नव्हतं, आणि असतं तरी तुम्ही आला असतात असं मला वाटत नाही. त्या दिवशी तुम्ही बाजार समितीत हळदीच्या गाड्या खाली करत होतात. म्हणून हे पत्र तुमच्या घरी न पाठवता चारचौघांत लिहितेय. वाचनालय जुन्या जागेतून नव्या इमारतीत कसं हललं हे आपल्या सभासदांनाही कळलेलं बरं.

हलवायचं का, हे तुम्हाला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. आपल्याकडे खालचे दोन खण गेले, एवढ्यावर निभावलं. २०२१ ला पाणी पुन्हा उंबऱ्यापर्यंत आलं आणि मग पूररेषेबाहेरच्या जागेचा विषय एकदाचा मार्गी लागला.

स्थलांतराची पहिली बैठक आठवते का? सगळे 'पुस्तकं किती' यावरच बोलत होते. चाळीस हजार, नाही पंचेचाळीस, दिवाळी अंक धरून की सोडून, असं चाललं होतं. तुम्ही दाराशी उभे राहून ऐकलंत आणि विचारलंत, "बाई, वजन किती भरतंय?" दुसऱ्या दिवशी ताणकाटा घेऊन आलात. कादंबऱ्यांचा एक खण बारा किलोच्या आसपास भरला, बांधीव मासिकांचा त्याच्या दुपटीहून जास्त. सगळा साठा पंधरा टनांच्या घरात गेला. तो आकडा मी इमारतीच्या अभियंत्यांपुढे ठेवला आणि बैठकीचा नूरच पालटला. कारण कपाटं वरच्या मजल्यावरच्या सभागृहात लावायची ठरली होती. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या कोठारासाठी भारतीय मानक ८७५ प्रमाणे किमान ६०० किलो धरावा लागतो, आणि कपाटं उंच असतील तर त्याहून जास्त. झालं, जड ते सगळं तळमजल्यावर आलं. वाचनकक्ष आणि बालविभाग वर गेले. हा निर्णय कागदावर अभियंत्यांच्या सहीनं झालाय, पण त्याची सुरुवात तुमच्या ताणकाट्यापासून झाली.

पैशाची गोष्टही लिहिते, कारण नंतर त्यावर कुजबुज झाली. वाचनालयाचं काम म्हणजे सरस्वतीची सेवा, टोळीनं ते श्रमदान म्हणून करावं, असं काहींना वाटत होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मजुरी ठरल्या दरानं, लेव्ही मंडळात भरा, पावती घ्या." लेव्ही म्हणजे मजुरीवर माथाडी मंडळात भरायची ठरावीक टक्केवारी. माथाडी कायदा १९६९ चा आहे, हमालाला त्याच्या घामाचा हिशेब लेखी मिळावा म्हणून तो झाला. मला तुमचं म्हणणं मनापासून पटलं. फुकटच्या कामात 'हे असं करू नका' म्हणायला जीभ रेटत नाही. इथे मी रोज म्हणत होते, आणि तुम्हीही मला.

साखळीचा वाद तर चांगलाच रंगला. कॉलेजच्या मुलांना मानवी साखळी करायची होती, जुन्या इमारतीपासून नव्यापर्यंत, हातोहात पुस्तकं. पेपरात फोटो छान आला असता. त्यासाठी त्यांनी लाटव्हियातल्या रीगा शहराचा व्हिडिओ दाखवला. तिथे १८ जानेवारी २०१४ ला सुमारे १४ हजार लोक कडाक्याच्या थंडीत रांगेत उभे राहिले आणि नव्या राष्ट्रीय ग्रंथालयात पुस्तकं पोचवली. तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "किती पुस्तकं गेली अशी?" साधारण दोन हजार. बाकीची लाखो पुस्तकं गाड्यांनीच गेली. साखळीत पुस्तक पुढे जातं, क्रम मागे राहतो. शेवटी मुलांना बालविभागाची पुस्तकं दिली आणि त्यांची हौसही झाली.

मग कॅरेट. लाकडी खोकी, पोती, गोण्या असे सगळे पर्याय बैठकीत येऊन गेले. द्राक्षाचा हंगाम एप्रिलअखेर उरकतो, मे महिन्यात बागायतदारांची प्लॅस्टिकची कॅरेट शेडमध्ये रिकामी पडून असतात, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तुम्ही शब्द टाकलात आणि दोन टेम्पो भरून कॅरेट आली, धुऊन, उन्हात वाळवून. प्रत्येकावर ऑइल पेंटनं मालकाचं नाव. आपला सगळा कवितासंग्रह एका बागायतदाराच्या नावानं गावातून गेला, त्याला अजून कल्पना नसेल.

कॅरेट कसं भरायचं ते मात्र माझ्याकडून घेतलंत. पुस्तक उभं, पाठ बाजूला; कधीही उघड्या कडेवर नाही, कारण पानांचा भार बांधणीवर लोंबतो आणि शिलाई सुटते. मोठे ग्रंथ आडवे. थर एकच, वर दुसरा नाही. एकदा सांगितलं, तुमच्या पोरांनी पुन्हा विचारलं नाही. चिठ्ठ्यांचं काम तुम्ही बदललंत. मी वरच्या बाजूला चिठ्ठी चिकटवत होते: जुनं कपाट, खण, नवं कपाट, खण. तुम्ही म्हणालात, कॅरेटवर कॅरेट चढलं की वरची चिठ्ठी दिसत नाही. मग तोच नंबर दोन्ही आखूड बाजूंना जाड खडूनं लिहिला गेला. थप्पी कशीही लागो, एक बाजू समोर असतेच. आणि गाडी उलटी भरली: जे शेवटी चढतं ते आधी उतरतं, म्हणून प्रत्येक खेपेत शेवटच्या खणापासून सुरुवात. नव्या इमारतीत पहिल्या कपाटाची कॅरेट पहिली उतरली. संध्याकाळी शोधाशोध नाही, वाद नाही.

एका गोष्टीवर आपलं जुळलं नाही. एका मापाची पुस्तकं एका कॅरेटात घालावीत, जागा वाचते, असं तुमचं म्हणणं. मी अडून बसले. पण तुमचं चुकलं असं कुणी समजू नये. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानं २०१० नंतर स्विंडनजवळच्या कोठारात जवळपास ७० लाख पुस्तकं नेली, ती तिथे मापानुसारच लावली आहेत. प्रत्येकाला बारकोड आहे, पुस्तक कुठे आहे ते संगणक सांगतो. आपल्याकडे मुक्तद्वार पद्धत. वाचक स्वतः कपाटापाशी जातो, चरित्रांत चरित्र शोधतो, आडनावानं कादंबरी शोधतो. त्याला माप सांगून उपयोग नाही.

दुसरा खटका रिकाम्या जागेवरून उडाला. तुमच्या पोरांचा हात असा, की खण ठासून भरल्याशिवाय काम झालं असं वाटत नाही. मी प्रत्येक खणात वीतभर जागा सोडायला लावत होते आणि ती माझ्याकडे संशयानं बघत होती. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पाचवा नियम १९३१ चा. आज जागा सोडली नाही तर पुढच्या वर्षीच्या खरेदीसाठी अख्खी रांग सरकवावी लागते. तुम्ही पोरांना ते तुमच्या भाषेत सांगितलंत: "वाढत्या पोराचं सदरं हाय, ढिलं शिवायचं." त्यानंतर वाद मिटला.

'केसरी'चे जुने बांधीव खंड हलवले तो दिवस मला वेगळा सांगायचाय. कागद इतका ठिसूळ, की खंड उचलताना कडांचा चुरा हाताला लागतो. एकेकाचं माप टेबलाच्या फळीएवढं. तुम्ही प्लायवूडचे तुकडे कापून आणलेत, खंड ओढून न काढता फळी हळूहळू खालून सरकवलीत, वर दुसरी फळी, भोवती सुती पट्टी, गाठ मात्र बाजूला. जिन्यावरून दोघांनी मिळून एकेक खंड उतरवला. पुढचा माणूस पायरी मोजत होता, मागचा फक्त 'हं' म्हणत होता. एकही पान सुटलं नाही. दाखल नोंदवह्या, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची मूळ नोंद असलेल्या वह्या, मी स्वतः मांडीवर घेऊन रिक्षानं गेले, त्यावरून तुम्ही हसलात, ते चालेल.

वळवाच्या दिवशी दुपारीच आभाळ बघून तुम्ही गाडी थांबवलीत. अर्धा दिवस फुकट गेला म्हणून कुरकुर झाली. चारच्या सुमाराला ताडपत्री फाटेल असा पाऊस आला, कुरकुर आपोआप थांबली.

सभासदांचेही आभार मानायला हवेत. बंदच्या काळात एरवीच्या दोनऐवजी प्रत्येकी दहा पुस्तकं घरी न्या आणि परत नव्या इमारतीत आणून द्या, असं सांगितलं होतं. तेवढा बोजा तुमच्या पोरांच्या खांद्यावरून कमी झाला. काही पुस्तकं अजून आलेली नाहीत, ती आणून द्यावीत.

शेजारच्या तालुक्यातलं एक वाचनालयही जागा बदलतंय. तिथल्या ग्रंथपालांनी माझ्याकडे आराखडा मागितला. तो पाठवते, पण आधी तुम्हाला भेटा, असं त्यांना कळवलंय. मजुरीत घासाघीस करू नका आणि द्राक्षाचा हंगाम उरकल्यावरच या, हेही लिहिलंय. फुटलेल्या कॅरेटांची भरपाई मंजूर झाली आहे. धनादेश तयार आहे, टोळीतल्या कुणालाही सही करायला पाठवा.

आपली,
ग्रंथपाल