मानेतल्या नळीकडेही लक्ष हवे
संपादक महोदय,
गेल्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन माझा थोरला भाऊ अतिदक्षता विभागात होता. मानेच्या मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीनेच त्याचा जीव तगला. पण सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, जंतू रक्तात गेले होते. नळीवरची पट्टी घामाने सुटून लोंबत होती, मी डोळ्यांनी पाहिली.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी हात धुणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, गरज संपताच नळी काढणे अशा पाच साध्या गोष्टी पाळून असा संसर्ग खूप कमी केल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यात महागडे यंत्र कुठेच नाही. आमच्या भागातल्या दवाखान्यांतही ‘नळी आज लागते का?’ हे डॉक्टरांनी रोज तपासावे आणि सुटलेली पट्टी त्याच पाळीत बदलावी.

– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ