बाबा, मी फोर्लीला जातेय

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर सांगितलं तेव्हा बाबा तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात, म्हणून लिहायला बसले. तिकीट काढलंय, सुट्टी पण मंजूर झालीये, 9 एप्रिलला मी इटलीत फोर्लीला असणार. पैसे माझे साठवलेले आहेत, कुणाकडून घेतले नाहीत. आणि हे फिरायला जाणं नाहीये हो, फिरायचंच असतं तर ऐन उन्हाळ्यात तुम्हाला सोलापुरात ठेवून गेले असते का?

तुम्ही म्हणता आप्पा आजोबा तर दुसऱ्या महायुद्धातून जिवंत परत आले, मग तिथं काय बघणार. पण त्यांचा जोडीदार नाही ना आला. दोघं बरोबरच भरती झाले, बेळगावला बरोबर ट्रेनिंग, मग जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जो हल्ला झाला त्यात आपली पलटण होती, नगरकडच्या नामदेव जाधवांनी गोळीबारात जखमींना नदीपार काढलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते वाचायला मिळतं. आप्पांनी तिथं काय बघितलं ते कुठंच मिळत नाही. फोर्लीला भारतीय सैनिकांच्या स्मारकावर दहन केलेल्या जवळपास 800 जणांची नावं कोरलीत. आजी सांगायची ना, झोपेत ते एकच नाव घ्यायचे म्हणून, ते नाव तिथं आहे का बघायचंय मला.

आणि आप्पा बोलणार तरी कुणाशी? सोलापूरनं 1930 ला इंग्रजांचा मार्शल लॉ भोगलेला, 12 जानेवारी 1931 ला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झालेली, आणि दहाएक वर्षांत हे इंग्रजांच्या वर्दीत. घरात खायला नव्हतं म्हणून गेले, पण ते लोकांना काय सांगणार. दरवर्षी 12 जानेवारीला ते दाराबाहेर पडायचे नाहीत. मेडलं ज्वारीच्या डब्यात तळाशी. मिलचा भोंगा वाजला की हातातला चहा बशीत सांडायचा, आणि आजी शब्द न काढता बशी पुसून परत पुढं ठेवायची, आणि त्याच भोंग्यावर हा माणूस रोज पाळीला जायचा. मला तर ते फार मोठं वाटतं.

तुम्ही त्यांचा पट्टा खाल्लाय, मला माहितीये. आप्पांना नावं ठेवत नाहीये मी, त्यांच्या आत काय चाललं असेल ते त्या काळात कुणी विचारलंच नाही. पण तुम्ही आम्हाला कधी बोट लावलं नाहीत. ताप आला की तुमच्याच जुन्या चादरीत गुंडाळून खांद्यावर घेऊन गच्चीत फिरायचात, अजून त्या चादरीचा वास आठवतो. फक्त गप्प बसणं तेवढं तुम्ही आप्पांचं घेतलंत. छातीत दुखलं ते आईला दुसऱ्या दिवशी कळलं, ते पण गॅस म्हणून! असं नाही चालणार बाबा.

आता ऐका. ईसीजी मी जायच्या आधी काढायचा, मी येतेय, बरोबर जाऊ. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, आई तू समोर उभी राहून दे. कूलरच्या जाळ्या बदलून घेतल्यात. पाण्याच्या दिवशी टाकी भरायला खालचा मुलगा येईल, बाबांनी बादल्या उचलायच्या नाहीत. शेंगाचटणी खा, पण मीठ कमी घालून कर गं आई. कडक भाकरी दुधात कुस्करून. दुपारी बाहेर पडायचं नाही. मी रोज रात्री फोन करणार, तिथं संध्याकाळ असेल, झोप मोडेल म्हणून काळजी करू नका.

आणि बाबा, रागावला असाल तरी एवढं कराच, त्या जोडीदाराचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गाव मला पाठवा. साहेब लोकांनी आपली नावं वाट्टेल तशी लिहून ठेवलीत, स्पेलिंग बदलून बदलून शोधावं लागणार आहे. टाइप करायला जमत नसेल तर फोनवर सांगा, मी लिहून घेते.

तुमची,
छकुली