चिऊ ऐकत नाही म्हणतोस?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, चिऊ अजिबात ऐकत नाही." तू घाईत होतास म्हणून मी गप्प राहिले. पण तो शब्द डोक्यातून जाईना, तेव्हा लिहायला बसले.

कानांनी ऐकणं आणि सांगितलेलं करणं, दोन्हीला आपण 'ऐकणं'च म्हणतो. तू दुसऱ्याबद्दल बोलत होतास. पहिल्याचं म्हणशील, तर तुझ्या लेकीइतकं तुझं कुणीच ऐकत नाही. दिवाळीत मी तिकडे होते, तेव्हा ती भातुकली मांडून बसली होती. साबणाची रिकामी डबी कानाला लावून येरझाऱ्या घालत होती आणि मध्येच बाहुलीला हाताने थोपवून म्हणाली, "एक मिनिट हं, बाबा महत्त्वाचं बोलतोय." शब्द तुझे, सूर तुझा, हात वर करायची लकबसुद्धा तुझीच. हे तिला कुणी शिकवायला बसलं नव्हतं.

मी 28 वर्षं अंगणवाडी चालवली. समोर बसवून सांगितलेल्यातलं मुलांच्या किती लक्षात राहायचं, देव जाणे. पण मदतनीसताईशी मी हळू आवाजात काय बोलले, ते संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचलेलं असायचं.

एका प्रशिक्षणात आम्हाला एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1970च्या दशकातला प्रयोग सांगितला होता. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी आई ढिम्मच, म्हटल्यावर तोंड फिरवतं, कळवळतं. आई तिथंच असते. मारत नाही, रागावत नाही. फक्त प्रतिसाद देत नाही. ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण मला तू आठवलास.

तू दुसरीत होतास. मी ओटीवर रजिस्टरं घेऊन बसले होते. पोषण आहार, लसीकरण, मुलांची वजनं, सगळं महिनाअखेरीला द्यायचं होतं. तू शाळेतून येऊन काहीतरी सांगत होतास आणि मी मान खाली घालून "हं, हं" करत होते. तू थांबलास. म्हणालास, "मी काय सांगितलं, सांग." मला सांगता आलं नाही. तू दप्तर उचलून आत गेलास. रात्री विचारलं, तर "काही नाही" म्हणालास. त्या दिवशी शाळेत काय झालं होतं, हे मला आजही माहीत नाही.

तुझी आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची, आठवतं? तू "हूं" म्हणाला नाहीस की ती तिथंच थांबायची. मला वाटायचं, तू झोपलास का ते बघतेय. आता माझं वय झाल्यावर कळतं, तो हुंकार तिला स्वतःलाच हवा होता. दिवसभर तिच्याजवळ बसायला कुणाला वेळ नव्हता, मलाही नव्हता.

म्हणून चिऊ "लक्ष वेधून घ्यायला करते" असं तू म्हणतोस, तेव्हा मला वाईट वाटतं. भुकेने रडणाऱ्या लेकराला आपण नाटकी म्हणत नाही. हीसुद्धा भूकच आहे रे. दिवसभर तिच्यामागे बस, असं मी म्हणत नाही, तुझी नोकरी मला कळते. घरी आलास की फोन चपलांच्या कपाटावर ठेव आणि दहा मिनिटं खाली बस, तिच्या उंचीला. सल्ला देऊ नकोस, चुका काढू नकोस. नुसता हुंकार दे.

काल ती मला गच्चीतल्या खारीची गोष्ट सांगत होती. मध्येच म्हणाली, "आजी, तू हूं म्हणत नाहीयेस." मी म्हणत होते, आवाज पोचत नव्हता. तेवढ्यात खाली तुझी गाडी आली आणि तिने फोन टाकून धाव घेतली. खार पाण्याच्या टाकीवर चढली, इथपर्यंत मला माहीत आहे. पुढचं तिला विचार आणि मला कळव. आणि जमलं तर दुसरीतल्या त्या दिवसाचंही.

तुझी,
आई