सोव्हिएत ज्यूंच्या छळाचाही इतिहास सांगितला जावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्यूंच्या छळाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा हिटलरपासून सुरू होते आणि १९४५ साली थांबते. नाझींनी साठ लाख ज्यूंचा संहार केला, तेव्हा तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच हिटलरला हरवण्यात सिंहाचा वाटा उचलणाऱ्या सोव्हिएत राजवटीने पुढची चार दशके आपल्या ज्यू नागरिकांना कसे जखडून ठेवले, याची वाच्यता आपल्याकडे क्वचितच होते. एकेकाळी स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत प्रकाशनांच्या सचित्र मराठी पुस्तकांतून त्या देशाचे जे चित्र आपल्या मनावर ठसले, त्यात या गोष्टींना जागाच नव्हती.

१२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धकाळात स्टालिनच्याच संमतीने स्थापन झालेल्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीशी हे सारे निगडित होते. जगभरच्या ज्यूंकडून सोव्हिएत युद्धासाठी पैसा आणि सहानुभूती मिळवणे हे त्या समितीचे काम होते आणि ते तिने चोख बजावले होते. मारल्या गेलेल्यांत यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेत लिहिणारे पाच साहित्यिक होते. मुलांसाठी कविता लिहिणारे लेव क्विट्को त्यांपैकी एक, तर कादंबरीकार डेव्हिड बर्गेलसन यांचा त्या दिवशी अडुसष्टावा वाढदिवस होता. बोटकिन रुग्णालयाचे प्रमुख डॉ. बोरिस शिमेलिओविच यांनी तुरुंगात अमानुष मारहाण सोसूनही अखेरपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. या साऱ्यांचे काय झाले हे त्यांच्या घरच्यांना कळवायला सरकारने तीन वर्षे घेतली.

समितीचे अध्यक्ष, विख्यात नट सोलोमन मिखोएल्स यांचा काटा त्याआधीच, जानेवारी १९४८ मध्ये, मिन्स्क येथे काढण्यात आला होता. स्टालिनच्या हुकमावरून झालेला हा खून रस्त्यावरचा अपघात असल्याचे भासवून सरकारने त्यांची थाटाची अंत्ययात्राही काढली. पाच वर्षांनी, १३ जानेवारी १९५३ रोजी, कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र ‘प्राव्दा’ने नऊ डॉक्टरांवर सोव्हिएत नेत्यांच्या हत्येच्या कटाचा आरोप छापला. त्यांतील सहा ज्यू होते, आणि त्याच मजकुरात दिवंगत मिखोएल्स यांनाही देशद्रोह्यांच्या पंगतीत बसवण्यात आले. ५ मार्चला स्टालिन मरण पावला आणि महिनाभरातच हा कट बनावट असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. स्टालिन आणखी जगला असता तर या डॉक्टरांचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

तथापि माझ्या मते या राजवटीचे खरे स्वरूप तिच्या रोजच्या कागदपत्रांत अधिक स्पष्ट दिसते. १९३२ च्या अखेरीस सुरू झालेल्या देशांतर्गत पासपोर्टात, म्हणजे ओळखपत्रात, राष्ट्रीयत्वाचा (नागरिकत्वाचा नव्हे, तर वंशाचा) रकाना असे आणि आई-वडील दोघेही ज्यू असतील तर तिथे ‘ज्यू’ हीच नोंद होई. त्या व्यक्तीची धर्मावर श्रद्धा असो वा नसो. यिडिश शाळा गेल्या, मॉस्कोचे ज्यू नाट्यगृह १९४९ मध्ये बंद झाले, हिब्रू शिकवणाऱ्यांच्या मागे पोलीस लागले. म्हणजे ज्यू म्हणून जगण्याची एकेक वाट सरकारने बुजवली आणि ज्यू असल्याचा शिक्का मात्र कोणाला पुसू दिला नाही. मेलेल्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. कीवजवळच्या बाबी यार येथे १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी दोन दिवसांत तेहतीस हजारांहून अधिक ज्यू मारले, पण तिथे १९७६ साली उभारलेल्या सोव्हिएत स्मारकाच्या लेखात ज्यूंचा उल्लेखही नव्हता.

या शिक्क्याचा उपयोग कसा होई, याचे एक उदाहरण मला विशेष अस्वस्थ करते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या ज्यू मुलांना तोंडी परीक्षेत खास निवडलेली गणिते घातली जात. ती सोडवणे जवळजवळ अशक्य असे, पण उत्तर मात्र दोन-चार ओळींचे असे, जेणेकरून तक्रार आलीच तर प्रश्न सोपा होता असे दाखवता यावे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अडवण्यासाठी शिकल्यासवरलेल्या प्राध्यापकांनी आपली बुद्धी अशी खर्ची घातली.

आणि देश सोडून जावे म्हटले तर तेही सोपे नव्हते. अर्जासोबत इस्रायलमधील नातेवाइकाचे आमंत्रण, आई-वडिलांची लेखी संमती आणि नोकरीच्या ठिकाणचा दाखला जोडावा लागे. दाखला मागताच कचेरीत सर्वांना कळे, सहकाऱ्यांची सभा भरवून त्या माणसाचा निषेध केला जाई आणि पुढे बहुधा नोकरी जाई. नोकरी नाही म्हणून मग ‘परोपजीवी’ ठरवून खटला भरता येई. १९७२ साली तर उच्चशिक्षितांवर शिक्षणखर्चाची वसुली म्हणून काही वर्षांच्या पगाराएवढी रक्कम भरण्याची सक्ती करण्यात आली. एवढे सोसूनही अनेकांच्या हाती नकारच पडे आणि सरकारी गुपिते ठाऊक असल्याचे कारण पुढे केले जाई. अशा नकार मिळालेल्यांसाठी लढणारे अनातोली श्चारान्स्की १९७७ मध्ये पकडले गेले, हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली त्यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये ते सुटले.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जागतिक इतिहासावरील लेख नेहमी येतात. येत्या १२ ऑगस्टच्या आगेमागे या तेरा जणांविषयी, विशेषतः क्विट्को आणि डॉ. शिमेलिओविच यांच्याविषयी, एखाद्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मिरज