चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांबाबत आई-बाबांस पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गच्चीच्या दुरुस्तीसाठी मिस्त्रींना पाठवलेले ४८,००० रुपये भलत्याच खात्यात गेल्याचे काल आईकडून कळले. बाबा, तुम्ही इतके दिवस ही गोष्ट मनात ठेवून एकट्याने बँकेच्या चकरा मारत होता, याचे मला पैशांपेक्षाही अधिक वाईट वाटले. फोनवर बोलताना अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र जवळ ठेवून पुढची पावले उचलावीत.

सर्वांत आधी हे सांगते की तो पैसा कायद्याने आजही तुमचाच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ प्रमाणे ज्याला चुकीने पैसे मिळाले त्याने ते परत केलेच पाहिजेत. मग ती चूक देणाऱ्याची का असेना. आपले नाहीत हे ठाऊक असूनही ते अप्रामाणिकपणे वापरून टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे शाखेत तुम्हाला जे तोंडी सांगण्यात आले, की क्रमांक तुम्हीच टाकला, आता काही होणार नाही, ते अर्धेच खरे आहे. समोरच्या खातेदाराच्या संमतीवाचून बँक त्याच्या खात्यातून परस्पर पैसे काढून घेऊ शकत नाही, एवढा त्यातला भाग खरा. परंतु तुमची तक्रार लेखी घेऊन ती त्या दुसऱ्या बँकेपर्यंत पोहोचवणे आणि खातेदाराशी संपर्क साधायला लावणे, हे तिने करायलाच हवे.

‘नाव तर मी बरोबर लिहिले होते,’ असे तुम्ही आईला पुन्हा पुन्हा म्हणता, आणि तुमचे म्हणणे रास्त आहे. पोस्टमन मनीऑर्डर देताना नाव विचारत असे, धनादेशावर नाव आणि खाते दोन्ही पाहिले जाई. आयुष्यभर तुम्ही तोच व्यवहार पाहिला. तुम्ही ज्या एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन पद्धतीने, रक्कम पाठवली तिचे तसे नाही. १४ ऑक्टोबर २०१० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार पैसे केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केले जातात आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते. आईने मला मिस्त्रींच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यांनी सगळे आकडे इंग्रजीत लिहिले आहेत आणि शेवटून तिसरा नऊ असा काढला आहे की तो कोणालाही मराठी एक वाटेल. ॲपने क्रमांक दोनदा विचारला खरा, पण दोन्ही वेळा समोर चिठ्ठी तीच असल्यामुळे वाचनही तेच झाले. तसा क्रमांक अस्तित्वात नसता तर पैसे काही तासांत आपोआप परत आले असते; दुर्दैवाने तो दुसऱ्या कोणाचा तरी निघाला.

आता करायचे ते असे. उद्याच तुमच्या मूळ शाखेत शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात तुमचा खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख व रक्कम, चुकून टाकलेला क्रमांक, मिस्त्रींचा खरा क्रमांक, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा संकेतांक) आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या एका व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहावा. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो आणि तो तुमच्या खातेउताऱ्यात त्या नोंदीसमोरच सापडेल. सोबत चिठ्ठीची आणि उताऱ्याची छायाप्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नये. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात पोच नसलेल्या कागदाला तुम्ही कधी हात लावला नाहीत. इथेही तीच शिस्त ठेवावी. हाच मजकूर बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर मी तुमच्या वतीने आजच पाठवते, म्हणजे तक्रार क्रमांकही मिळेल.

आयएफएससीवरून पैसे गेलेल्या बँकेची शाखा कळते, आणि ती तालुक्याच्याच गावी असल्याने तिथेही अर्जाची प्रत द्यावी. तिथले अधिकारी खातेदाराचे नाव-पत्ता सांगणार नाहीत. गोपनीयतेमुळे त्यांना ते सांगता येत नाही, त्यावरून वाद घालू नये. त्या माणसाला आपले म्हणणे कळवण्याची विनंती करावी. तो चोर आहे असे धरून चालणे मला पटत नाही. कदाचित खात्यात रक्कम आल्याचे त्याच्या लक्षातही आले नसेल. शेजारचे काका म्हणतात तसे पहिल्याच दिवशी पोलिसांत जाऊन त्याला दुखावले, तर ज्या संमतीवर सगळे अवलंबून आहे तीच अवघड होऊन बसेल. त्याने स्पष्ट नकार दिला, तर वकिलांची नोटीस आणि दिवाणी दावा हे मार्ग आहेतच. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून घाई करण्याचे कारण नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती मी इथून करीन. तुम्ही फक्त पोच जपून ठेवावी.

आई, तुला एक विनंती. बाबांच्या काळजीपोटी तू कोणत्याही गटावर तो उतारा टाकू नकोस आणि बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन लावू नकोस, कारण तिथे खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. ‘तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्याने ओटीपी मागितला किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून दे. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच वापर. असे कोणी खरेच फसवले तर तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे. आपल्या आताच्या प्रकरणात फसवणूक झालेली नाही, म्हणून तिथे तक्रार नको.

पुढच्या वेळेसाठीही एक सोय सांगते. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवण्याची पद्धत) आणि एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय द्यायला बँकांना सांगितले, त्यासाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली आणि ग्राहकाकडून शुल्क घेऊ नये असेही बजावले. नवे खाते जोडताना त्या ठिकाणी नाव पाहूनच पुढे जावे. ॲपमध्ये सापडले नाही तर शाखेत विचारावे. तुमची पिढी ज्या नावावर विसंबून व्यवहार करत आली, ते पडद्यावर दिसायला इतकी वर्षे लागली, याची मला मनापासून खंत वाटते.

मिस्त्रींशी मी बोलले आहे. त्यांच्याकडून पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला, आधी एक रुपया पाठवला, तो मिळाल्याचे त्यांनी कळवल्यावर आगाऊ रक्कम माझ्या खात्यातून दिली. ते सोमवारी काम सुरू करतील. बाबा, त्यांच्यासमोर या विषयाचा संकोच बाळगू नये. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. रिकाम्या जागा भरून सही करावी आणि पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवावा.

आपली,
मुलगी